बिऱ्हाडाचा उजवा दिवा

दळवी भाऊजी जिना उतरतानासुद्धा ओमानच्या रस्त्यावरच्या गाड्यांसारखे उजव्या बाजूने उतरत. मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट चालू असण्यापेक्षा बंदच जास्त असे, त्यामुळे सगळ्या शेजाऱ्यांची गाठभेट जिन्यातच व्हायची. भाऊजी भिंतीला खांदा घासत, एका ठरलेल्या गतीने उतरत असायचे. मागून कुणाची पावलं वाजली की मान न वळवता आणखी दोन बोटं भिंतीकडे सरकायचे आणि म्हणायचे, "जावा वयनी, डावी मोकळी आसा."

"भाऊजी, हा जिना आहे. हायवे नाही."

"सवय जिन्यार मोडली की रस्त्यार मोडता."

मी पुण्याची. कुणी शिकवायला लागलं की माझ्या कपाळाला आधी आठी पडते, मग ऐकू येतं. पण या माणसाचं शिकवणं अंगावर येत नसे. तो दुसऱ्याला शिकवतोय असं वाटायचंच नाही, स्वतःलाच पुन्हा बजावतोय असं वाटायचं. आज हे लिहिताना त्या जिन्यावरच्या गमतीचं हसू येत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याला वाट करून दिली त्याने शेवटी फक्त एक गोष्ट मागितली होती, आणि ती त्याला कुणीही देऊ शकलं नाही. मीही नाही, आमचे हे नाहीत, देवही नाही.

भाऊजी मूळचे कुडाळकडचे. रुसैलच्या एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर होते. अंगाने काटकुळे, मिशा बारीक कातरलेल्या, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी टायरची हवा मोजायची नळी. ती नळी गणपतीच्या आरतीला घातलेल्या रेशमी झब्ब्याच्या खिशातही असायची. प्रसाद घेऊन खाली उतरलं की हे पार्किंगमध्ये वाकलेले दिसायचे. "कुलकर्णीसाहेब, तुमच्या मागच्या टायरात हवा कमी आहे," असं आमच्या ह्यांना त्यांनी किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही. आमचे हे विमा कंपनीत. दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद दिवसभर वाचून आलेल्या माणसाला संध्याकाळी स्वतःच्या टायरबद्दल ऐकायला आवडत नाही. तरी जाऊन हवा भरून यायचे.

भाऊजींच्या कारखान्यातला एक इंग्रज मॅनेजर कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा त्याची कॅराव्हॅन भाऊजींनी घेतली. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. गाडीच्या मागे जोडायची आणि ओढत न्यायची. आत दोन पलंग, एक चूल, ताटाएवढं बेसिन आणि एक खिडकी. त्यांच्या बायकोने, मंदावहिनींनी, त्या खिडकीला जुन्या साडीचा पडदा शिवला. भाऊजींनी मागच्या पांढऱ्या पत्र्यावर लाल रंगाने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'बिऱ्हाड'. अक्षर जरा उतरत गेलेलं होतं. रस्त्यात पोलिसाने थांबवलं की तो हमखास विचारायचा, हे काय लिहिलंय? भाऊजी सांगायचे, "बैत. हाउस. माय हाउस."

रुवीच्या गल्ल्यांत स्कूटर लावायला जागा नाही, तिथे ही खोली कुठे उभी करणार? अर्बाबने, म्हणजे ओमानी मालकाने, कारखान्याच्या मागच्या आवारात एक कोपरा दिला होता. कित्येक शुक्रवार नवराबायको नुसते तिथे जाऊन, त्या उभ्या बिऱ्हाडात चहा करून, पिऊन परत यायचे. कुठे जायचं नसायचंच. मी एकदा मंदावहिनींना म्हटलं, अहो, चहा घरी काय वाईट होतो? तर म्हणाल्या, "घर घरमालकाचा. ह्यो चाय आमच्या घरातलो." मीही त्याच घरमालकाची भाडेकरू.

एका हिवाळ्यात त्यांनी आम्हाला निझवाला नेलं. आमचे हे पुढे, भाऊजींच्या शेजारी. मी, मंदावहिनी आणि त्यांची मुलगी गौरी मागच्या सीटवर. गाडीच्या मागे बिऱ्हाड. रुसैल सोडून आतल्या डोंगरांकडे निघालो आणि पहिल्या दहा मिनिटांत ह्यांचा जीव मेटाकुटीला आला. रस्ता कसा, तर लोण्यासारखा. लेन तीन, डावी वेगाने जाणाऱ्यांची. आणि आम्ही आपले सगळ्यात उजव्या लेनमधून, सिमेंटच्या ट्रकमागून.

"दळवी, डावी पूर्ण मोकळी आहे हो."

"ती आपली नाय, साहेब."

"मग निदान मधली."

"मधली मागून घ्यायची. तिथे वस्तीला राहायचं नाय."

आणि मग पुढच्या पाटीवर कुठलासा रस्ता बाजूने येऊन मिळणार असं दिसलं, तशी भाऊजींनी आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं, दिवा दिला, आणि ते स्वतःहून मधल्या लेनमध्ये गेले. आमचे हे खूश. म्हणजे आता निघालो! पण छे. बाजूच्या रस्त्यावरून दोन-तीन गाड्या येऊन उजव्या लेनमध्ये मिसळल्या, पुढे निघून गेल्या, आणि भाऊजी परत उजवीकडे.

"हे काय? चांगले गेला होता की."

"त्या गाड्यांना आत शिरायला जागा नको? मी उजवीत असतो तर माझी ही एवढी खोली त्यांच्या आडवी. त्यांनी ब्रेक मारायचा की माझ्यात शिरायचं? म्हणून आधी सरकायचं, त्यांना घ्यायचं, मग आपल्या जागी." मग त्यांचं नेहमीचं वाक्य आलं. "घाई आसा तेका वाट दी. आपणाक रस्तो पुरे."

मागून एक लँडक्रूझर लाइट मारत आली आणि सुसाट गेली. पाठोपाठ टँकर गेला, त्याच्या वाऱ्याने आमचं बिऱ्हाड मागे डुललं आणि गाडीच्या अंगात शहारा आला. भाऊजींनी ब्रेकला पाय लावला नाही. नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडला, दोन्ही हात चाकावर घट्ट, आणि खोली आपोआप शांत होऊ दिली. मग म्हणाले, "मागे घर असलेल्याने डाव्या लेनची हौस करू नये."

गौरी तोंडावर ओढणी धरून हसत होती. "बाबा, गोगलगाय पण आपल्याला ओव्हरटेक करेल!"

गौरी इथेच वाढलेली. इंडियन स्कूलमधली, त्यामुळे मराठी थांबत थांबत बोलायची. मालवणी समजायची, पण तोंडातून इंग्रजीच निघायचं. उंच, बापासारखी काटकुळी, हसरी. पुढे मंगळूरला फिजिओथेरपी शिकून परत आली आणि मस्कतमधल्या एका दवाखान्यात लागली. कुणाचा खांदा धरला, कुणाचा गुडघा आखडला, की आमच्या इमारतीत आधी गौरीला हाक जायची. माझी मान तिनेच बरी केली. मान चोळताना म्हणायची, "काकू, तुम्ही खूप अँग्री झोपता."

तिला गाडी भाऊजींनी शिकवली. ओमानमध्ये लायसन्स मिळवणं म्हणजे मुलीचं लग्न जमवण्याइतकं अवघड, असं आमच्यात म्हणतात. आधी मांडलेल्या ड्रमांच्या मधून गाडी उलटी काढून दाखवायची, मग रस्त्यावरची परीक्षा. दर शुक्रवारी रुसैलच्या ओसाड रस्त्यांवर बाप रिकामी पिंपं मांडायचा आणि लेक ती पाडायची. एकदा मी बरोबर गेले होते. पिंप पाडलं की भाऊजी उतरून ते सरळ करायचे, त्यावर हाताने थोपटायचे आणि म्हणायचे, "ह्याका लागला नाय. परत ये." एकदाही आवाज चढला नाही. मी असते तर तिसऱ्या पिंपाला गाडीतून उतरून चालत घरी आले असते.

ती पास झाली त्या दिवशी भाऊजींनी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. वाटतानासुद्धा भिंतीच्या कडेने.

आता त्या दिव्याबद्दल सांगायला हवं.

निझवाच्या पुढे आदम लागतं, आणि आदमच्या पुढे दुभाजक असलेला रस्ता संपतो. तेव्हा तरी संपायचा. तिथून सलालापर्यंत सपाट वाळवंट आणि एकेरी रस्ता. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मिळून तेवढाच. लेन निवडायचा प्रश्नच नाही, पुढच्याला ओलांडायचं तर समोरून येणाऱ्याच्या वाटेवर जावं लागतं. त्या रस्त्यावर मोठे ट्रेलर चालवणाऱ्यांची एक रीत आहे. बहुतेक आपल्याकडचे नाहीतर पाकिस्तानी ड्रायव्हर. मागे अडकलेल्या गाडीला पुढचं काही दिसत नाही, म्हणून पुढचा ट्रेलरवाला दिवा देतो. डावा दिवा दिला तर थांब, समोरून कुणी येतंय. उजवा दिवा दिला तर ये, रस्ता मोकळा आहे. मागचा ओलांडून जातो आणि जाताना आभाराचा छोटा हॉर्न देतो. कुठल्या पुस्तकात हे नाही. पण त्या रस्त्यावर सगळे ते पाळतात.

भाऊजीही पाळायचे. सगळ्या जगाचे नियम तोंडपाठ असलेला माणूस, पण हा एक बिननियमाचा नियम त्यांना फार प्रिय होता. आमच्या ह्यांना तो पटत नसे. आमच्याकडे पोहे खाताना एकदा दोघांची चांगलीच जुंपली.

"इंडिकेटर स्वतःच्या वळण्यासाठी असतो, दळवी. दुसऱ्याला परवानगी द्यायला नव्हे. उद्या काही झालं तर?"

"साहेब, तेच्या डोळ्यासमोर माझी खोली. तेका काय दिसाचा नाय. मगे तेका डोळे कोणी देवचे?"

"त्याचे त्याने बघावं. जमत नसेल तर मागे राहावं."

"मागे राहून राहून माणूस कंटाळतो, आणि मग न बघता उडी मारतो. त्यापेक्षा मी बघतो की त्याच्यासाठी."

गौरी पोह्यांवर लिंबू पिळत होती. "कुलकर्णी काका, बाबांनी राइट दिला ना, की आय डोन्ट इव्हन थिंक. आय जस्ट गो." आणि तिने हाताने विमान उडवून दाखवलं. भाऊजींचा चेहरा असा काही फुलला की ह्यांनी वाद सोडून दिला. मला तो चेहरा अजून दिसतो. दिसू नये असं वाटतं, पण दिसतो.

त्या साली ऑगस्टमध्ये ते सलालाला निघाले. त्या दिवसांत सलालाला भुरभुर पाऊस असतो, डोंगर हिरवे होतात, रस्त्याकडेला शहाळी आणि केळी विकायला बसतात. कोकणातली माणसं तिथे जाऊन नुसती उभी राहतात. गौरीला रजा कमी मिळाली होती, तिला आधी परतायचं होतं. म्हणून ती तिची छोटी गाडी घेऊन मागे, आणि पुढे बिऱ्हाड ओढत भाऊजी आणि मंदावहिनी. पहाटे निघताना तिने खालून माझ्या खिडकीकडे बघून हात केला. मी झोपेत वैतागून पडदा सारला होता, पण हात मात्र केला.

पुढचं मला मंदावहिनींनी सांगितलं. एकदाच सांगितलं, आणि नंतर त्या विषयावर आमच्यात कधी शब्द निघाला नाही.

आदम मागे टाकून बराच वेळ झाला होता. ऊन वर आलं होतं. गौरी पहाटेपासून मागे होती. तिने लाइट मारून वाट मागितली. पुढे पेट्रोल पंप होता आणि तिला तिथे आधी पोचायचं होतं, बाईमाणसाला लागते तशी घाई होती. भाऊजी हसले. लेकीबद्दल मंदावहिनींना म्हणाले, "गोगलगायीक कंटाळला तुझा चेडू." मग समोर पाहिलं. रस्ता सरळ, रिकामा, आणि टोकाला उन्हाने पाणी साचल्यासारखं चकाकत होतं. मंदावहिनींनीही पाहिलं. काहीच नव्हतं. भाऊजींनी गती आणखी कमी केली, गाडी उजव्या कडेच्या पिवळ्या रेषेला टेकवली आणि उजवा दिवा दिला.

गौरीने आभाराचा हॉर्न दिला. ती बिऱ्हाडाच्या बाजूला आली, भाऊजींच्या खिडकीला आली, तिने त्यांच्याकडे बघून हात केला. आणि त्या चकाकणाऱ्या पाण्याच्या पोटातून एक पांढरी पिकअप निघाली. ती काही आकाशातून पडली नव्हती. रस्त्याला तिथे एक खोलगट भाग होता आणि वर मृगजळ. गाडी त्या दोहोंत बुडालेली होती. दिसली तेव्हा ती फार जवळ आली होती.

मंदावहिनी एवढंच म्हणाल्या, "माका तिचो हात दिसलो. मगे हात दिसलो नाय."

दुपारी आमच्या ह्यांना फोन आला. आम्ही निझवाच्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा भाऊजी एका बाकावर बसले होते. बाकाच्या अगदी उजव्या टोकाला, बाकी सगळा बाक मोकळा सोडून. मला पाहून उठले आणि म्हणाले, "रस्तो रिकामो होतो, वयनी. मी बगललंय." मी त्यांचा हात धरला. ते परत म्हणाले, "मी बगललंय." त्यानंतर कितीतरी महिने त्यांच्या तोंडून मी दुसरं वाक्य जवळजवळ ऐकलंच नाही.

मस्कतच्या स्मशानात सगळं झालं. आमची अख्खी इमारत होती, गौरीचे पेशंट होते, एक ओमानी म्हातारा काठी टेकत आला होता, त्याचा गुडघा तिने चालता केला होता. काही लोकांनी भाऊजींना धीर धरा म्हणून सांगितलं. धीर कशाचा धरायचा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पिकअपवाला तरुण ओमानी होता. पाय मोडला, पण वाचला. महिनाभराने त्याचा बाप भाऊजींच्या घरी आला, खजुराचा डबा घेऊन. मंदावहिनींनी चहा केला. तो जमिनीवर बसला, भाऊजी समोर बसले. आमचे हे मोडक्या अरबीत मधले शब्द जुळवत होते. भाऊजी त्याला म्हणाले, चूक माझी आहे, मी दिवा दिला. त्या बापाने चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "तू चांगल्या मनाने दिलास. पुढचं लिहिलेलं होतं." त्याने भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला. भाऊजींनी तो हात अलगद काढून बाजूला ठेवला. त्यांना क्षमा नको होती.

त्यांना काय हवं होतं ते मग आम्हाला कळलं. पोलिसांच्या अहवालात अपघाताचा दोष ओव्हरटेक करणाऱ्या गाडीवर होता. म्हणजे गौरीवर. समोर न पाहता लेन सोडली, असं त्यात होतं. कायद्याने ते बरोबरच होतं, आमचे हेही म्हणाले की दुसरं काही लिहिताच आलं नसतं. भाऊजींना तो दोष स्वतःच्या नावावर हवा होता. बस. एवढंच मागणं.

आमचे हे त्यांना घेऊन त्या दूरच्या पोलीस ठाण्यात गेले. परत आले ते चेहरा उतरवून. जेवताना सांगितलं. अधिकारी तरुण होता, अदबीचा. त्याने पाणी दिलं, भाऊजींना आधी बसवलं, सगळं ऐकून घेतलं. भाऊजी हिंदीत सांगत होते आणि सांगता सांगता मालवणीवर गेले. "माझ्या चेडवाचा नाव काढा. माझा घाला. तिना बगूक नाय कारण मी बगललंय." ह्यांनी ते इंग्रजीत सांगितलं. अधिकारी म्हणाला, "अंकल, तुमच्या दिव्याला कायद्यात अर्थ नाही. तुम्ही वळला नाहीत, तुम्ही लेन सोडली नाहीत, तुम्ही हळू होता, उजवीकडे होता. तुमच्याकडे लिहिण्यासारखी एकही चूक नाही."

"दिव्याक अर्थ नाय, तर सगळे तो देतत कशाक?"

ह्यांनी हेही विचारलं. अधिकाऱ्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. म्हणाला, "सगळे देतात. मीसुद्धा देतो."

भाऊजी उठले, त्यांनी खुर्ची जागेवर सरकवली आणि ते भिंतीच्या कडेने बाहेर गेले.

नंतर ते आणखी काही वेळा एकटे गेले. बसने. गाडी चालवणं त्यांनी सोडलं होतं. दर वेळी पाणी मिळायचं, खुर्ची मिळायची, आणि तेच उत्तर मिळायचं. मी एकदा चिडून त्यांना म्हटलं, "भाऊजी, कागदावर काय आहे त्याने काय फरक पडतो? गौरी कशी होती ते आम्हाला माहीत आहे." ते म्हणाले, "माझ्या चेडवान माझा ऐकल्यान, वयनी. आणि लिवलेला आसा की तिना बगल्यान नाय." मी घरी येऊन भांडी आदळली आणि मग ओट्याशी उभी राहून रडले. त्यांच्या त्या मागण्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि ते पुरं होण्याचीही सोय नव्हती. अशी गोष्ट माणसाला जगू देत नाही आणि मरूही देत नाही.

पूर्वीचा दळवी त्या वर्षात झिजून गेला. खिशातली हवा मोजायची नळी दिसेनाशी झाली. कुणाच्या टायराकडे ते वाकेनासे झाले. आणि एक विचित्र गोष्ट सुरू झाली. कुणी काही विचारलं तर होकार द्यायचं त्यांनी बंद केलं. भाजीत मीठ बरोबर आहे का, असं मंदावहिनींनी विचारलं तरी नुसते ताटाकडे बघायचे. दुधवाला आला होता का, लिफ्ट चालू आहे का, बाहेर ऊन आहे का. कशालाच उत्तर नाही.

एकदा रुवीच्या बाजारात ते आणि मी रस्त्याच्या कडेला बरोबर उभे राहिलो. माझ्या हातात पिशव्या, डाव्या बाजूला एक बस उभी, मला पलीकडचं दिसत नव्हतं. मी सहज विचारलं, "जाऊ या का, भाऊजी?" कुणीही विचारेल तसं. त्यांनी माझं मनगट धरलं. गाड्या थांबल्या, एका टॅक्सीवाल्याने हाताने 'या, या' केलं, माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी ओलांडून गेली. त्यांनी मनगट सोडलं नाही. "माका इचारू नकात, वयनी," ते म्हणाले. "माका कोणीच काय इचारू नकात." आम्ही तसेच उभे राहिलो. शेवटी मीच त्यांना वळवलं आणि आलो त्या बाजूने, दुकानांच्या कडेकडेने, लांबचा वळसा घालून घरी आणलं.

मंदावहिनी आधी गेल्या. कुडाळला त्यांचा भाऊ असतो. विमानतळावर जाताना मला म्हणाल्या, "ह्यांका सांभाळा म्हणान सांगणंय नाय. तां कोणाक जमाचा नाय." भाऊजी नोटिशीचे दिवस भरून मागाहून जाणार होते. बिऱ्हाड आदमच्या पुढे शेती असलेल्या एका ओमान्याने घेतलं, मजुरांना सावलीला बसायला. हे मला नंतर कळलं. ते पोचवायला भाऊजी स्वतः गाडी घेऊन जाणार आहेत, हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ह्यांनी जाऊ दिलं नसतं.

त्याच सुमारास आदमच्या पुढे एका गोदामाची पाहणी करायला ह्यांना जायचं होतं. सुट्टीचा दिवस होता, घरात बसून मी कावले होते, म्हणून मीही निघाले. आदम मागे पडलं, रस्ता एकेरी झाला. हिवाळ्याचं स्वच्छ ऊन होतं, चकाकणारं पाणीबिणी काही नव्हतं. आणि पुढे, खूप पुढे, एक पांढरा ठिपका दिसला. तो हळूहळू मोठा झाला. मग त्यावरची उतरत गेलेली लाल अक्षरं दिसली.

ह्यांनी गती कमी केली. आम्ही बरंच अंतर राखून मागे राहिलो. बिऱ्हाड पिवळ्या रेषेला चिकटून चाललं होतं, मुंगीच्या पावलांनी. मी बघत होते. डावा दिवा लागला नाही. उजवाही लागला नाही. नीट पाहिल्यावर कळलं की उजवा लागणारच नव्हता. त्या जागी दिवाच नव्हता. काच, बल्ब, सगळं उपटून काढलेलं, नुसतं एक काळं भोक आणि त्यातून लोंबणारी वायर. पोलिसाने पाहिलं असतं तर तिथेच दंड केला असता. या माणसाने आयुष्यात कधी मागचा दिवा फुटका ठेवला नव्हता.

त्यांना आरशात आमची गाडी दिसली असणार. आमची आहे हे कळलं असेल असं नाही. मागे कुणीतरी आहे, एवढंच. बिऱ्हाड दिवा न देता उजवीकडे वळलं, पिवळी रेषा ओलांडून खाली खडीवर उतरलं, आणखी आत गेलं, आणि थांबलं. धूळ खाली बसली. रस्ता पूर्ण आमचा होता.

"चला," मी ह्यांना म्हटलं.

ह्यांनी समोर पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग गाडी हळूहळू पुढे काढली. भाऊजींच्या खिडकीपाशी आलो तेव्हा मी काच खाली करून हाक मारली. ते दोन्ही हात चाकावर ठेवून, मान खाली घालून, डोळे घट्ट मिटून बसले होते. हाक ऐकूनही त्यांनी डोळे उघडले नाहीत. थांबावं असं मी म्हणणार होते, पण ह्यांनी मान हलवली, आणि मला ते पटलं. आम्ही थांबलो असतो तर आम्ही बाजूने गेलो की नाही, हे त्यांना कळलं नसतं, आणि ते डोळे मिटून बसूनच राहिले असते.

पुढे जाऊन मी सीटवर पूर्ण वळले आणि मागच्या काचेतून पाहत राहिले. बिऱ्हाड खडीवर उभं होतं. आमच्या मागे कुणी नव्हतं. एकही गाडी नव्हती, ट्रेलर नव्हता, उंटसुद्धा नव्हता. मी लांबवर, नजर पोचेल तिथपर्यंत पाहिलं. रस्ता रिकामा होता. तरी ते निघाले नाहीत.